मॉस्कोतील कबुल्या, कोस्लरची कादंबरी आणि ड्युईंचा विद्यार्थी

आर्थर कोस्लरच्या 'डार्कनेस ॲट नून' या कादंबरीचे नाव काढले की आपल्याकडे दोन माणसे ताबडतोब उठून उभी राहतात. पहिला आपला सवर्ण डावा मित्र. हा शीतयुद्धाचा प्रचार आहे, लेखक फितूर होता, ब्रिटिश सरकारने ही कादंबरी वाटली, हे तो पुस्तक न उघडताच सांगून मोकळा होतो. दुसरा बौद्धिक ऐकून आलेला राष्ट्रवादी गृहस्थ. वाचलेले त्यानेही नसते, पण कम्युनिस्ट कसे असतात याचा पुरावा म्हणून त्याला ते हवे असते, म्हणजे ज्याला त्याला 'शहरी नक्षली' म्हणायची सोय होते. या दोघांच्या ओढाताणीत पुस्तक फाटते. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी ते दोघांच्याही हातातून काढून घ्यावे आणि स्वतः वाचावे, एवढ्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत.

आधी फितुरीचा मुद्दा. कोस्लर बुडापेस्टच्या ज्यू कुटुंबातला, जन्म १९०५चा. १९३१ साली तो जर्मन कम्युनिस्ट पक्षात गेला. स्पेनच्या यादवी युद्धात १९३७ साली मालागा पडले तेव्हा फ्रँकोच्या लोकांनी त्याला पकडले आणि सेव्हिलच्या तुरुंगात ठेवले. रोज रात्री शेजारच्या कोठड्यांतून माणसे गोळ्या घालायला नेली जात आणि आपलीही पाळी येणार हे त्याला माहीत होते. फॅसिस्टांच्या तुरुंगात मरण समोर बघितलेल्या माणसाने १९३८ साली पक्ष सोडला. कादंबरी त्याने १९३९-४०मध्ये फ्रान्समध्ये लिहिली आणि त्या काळात फ्रेंच सरकारनेही त्याला छावणीत डांबले होते. मूळ लेखन जर्मनमध्ये. डॅफ्ने हार्डी या त्याच्या मैत्रिणीने ते घाईघाईत इंग्रजीत आणले. १९४०च्या अखेरीस पुस्तक लंडनमध्ये छापले गेले तेव्हा लेखक पेंटनव्हिलच्या तुरुंगात परका संशयित म्हणून बसला होता. मूळ जर्मन संहिता हरवली ती थेट २०१५ साली झ्युरिकच्या ग्रंथालयात सापडली. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या प्रचार विभागाने पुढे हे पुस्तक पसरवायला हातभार लावला, ही गोष्ट खरी आहे. पण ती युद्धानंतरची. पुस्तक लिहिले गेले तेव्हा शीतयुद्ध सुरूच झालेले नव्हते. शत्रूने एखादे सत्य वापरले म्हणून ते खोटे ठरत असेल, तर मग कॅथरीन मेयोने अस्पृश्यतेबद्दल लिहिले म्हणून अस्पृश्यताही खोटी म्हणावी लागेल. हा युक्तिवाद आम्ही दुसऱ्या बाजूने फार ऐकलेला आहे.

कोस्लर आमचा नायक नाही, हेही सांगून टाकू. त्याच्या स्त्रियांशी वागण्याबद्दल त्याच्या मृत्यूनंतर अत्यंत गंभीर आरोप झाले आणि ते नजरेआड करण्याजोगे नाहीत. आम्हाला पुस्तकाशी काम आहे.

आता ज्या घटनांवर ते उभे आहे त्या बघा. ऑगस्ट १९३६मध्ये मॉस्कोत झिनोव्हिएव, कामेनेव यांच्यासह १६ जणांवर उघडा खटला चालला. जानेवारी १९३७मध्ये प्याताकोव, राडेक आणि इतर मिळून १७. मार्च १९३८मध्ये बुखारिन, रायकोव यांच्यासह २१. यांतले बरेच जण लेनिनच्या बरोबरीने क्रांती केलेले लोक होते. आणि ते उठून उभे राहून सांगत होते की आम्ही हेर आहोत, घातपाती आहोत. पुरावा काय? कबुली. एवढीच. पहिल्या खटल्यात एका आरोपीने सांगितले की १९३२ साली कोपनहेगनच्या हॉटेल ब्रिस्टलमध्ये त्याची ट्रॉट्स्कीच्या मुलाशी भेट ठरली होती. ते हॉटेल १९१७ सालीच पाडलेले होते. दुसऱ्या खटल्यात प्याताकोवने सांगितले की डिसेंबर १९३५मध्ये तो विमानाने ऑस्लोला जाऊन ट्रॉट्स्कीला भेटला. त्या महिन्यात तिथे एकही परदेशी विमान उतरले नव्हते, असे नॉर्वेतून जाहीर झाले. तिसऱ्या खटल्यात क्रेस्टिन्स्कीने पहिल्याच दिवशी भर न्यायालयात कबुली नाकारली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा राहिला आणि सगळे मान्य केले. त्या एका रात्रीत काय झाले असेल हे समजायला, पोलीस ठाण्याबाहेर रात्र काढलेल्या आमच्या वस्तीतल्या कोणत्याही बाईला कादंबरी वाचावी लागणार नाही.

कोस्लरने देशाचे नाव घेतलेले नाही आणि स्टालिनचेही नाही. भिंतीवर फक्त 'नंबर एक'ची तसबीर आहे. नायक रुबाशोव हा जुना क्रांतिकारक. त्याला पकडतात, कोठडीत टाकतात. शेजारच्या कोठडीतल्या माणसाशी तो भिंतीवर टकटक करत बोलतो. आधी इवानोव हा जुना सोबती त्याची चौकशी करतो, मग ग्लेटकिन. शेवटी तो न केलेले गुन्हे कबूल करतो आणि तळघरात त्याला गोळी घालतात. गोष्ट एवढीच. खरे पुस्तक आहे ते रुबाशोवच्या आठवणींत, कारण कोठडीत आल्यावर त्याला स्वतःची माणसे आठवू लागतात. रिचर्ड हा जर्मनीतला तोतरा तरुण कार्यकर्ता. त्याने पक्षाची पत्रके बदलून लिहिली म्हणून रुबाशोवने त्याला पक्षाबाहेर काढले, म्हणजे नाझींच्या तोंडी दिले. बंदरातला छोटा लोवी. पक्षाच्याच देशाची जहाजे आक्रमकाला तेल पुरवतात हे त्याला पटेना, त्याला हेर ठरवले, त्याने गळफास घेतला. आणि आर्लोवा.

आर्लोवा रुबाशोवची सचिव, त्याची सहचरीही. तिच्यावर संशय येतो, तिला परत बोलावतात. ती बचावासाठी रुबाशोवचे नाव देते. तो आपला जीव वाचवायला जाहीर निवेदन काढून तिचा निषेध करतो आणि ती मारली जाते. सगळ्या कादंबरीत तिला जवळजवळ बोलायलाच मिळत नाही. समीक्षकांनी रुबाशोवच्या तात्त्विक यातनांवर ग्रंथ लिहिले. मेर्लो-पाँतीने तर १९४७ साली कोस्लरला उत्तर म्हणून पुस्तकच लिहिले. आमच्या मते मात्र कादंबरीतला पहिला देखाव्याचा खटला हा आर्लोवाचाच आहे आणि त्यात रुबाशोव फिर्यादी पक्षाला सामील आहे. ज्याने यंत्र चालवले तोच पुढे यंत्रात सापडतो. त्याच्याबद्दल हळहळताना ही बाई विसरायची नाही.

ग्लेटकिनबद्दल आम्हाला जरा जास्त बोलायचे आहे, कारण त्याच्याबद्दल आमच्या बाजूने कोणी बोललेले नाही.

ग्लेटकिन शेतकऱ्याचा मुलगा. तासाचे मिनिटांत भाग असतात हे त्याला सोळाव्या वर्षी कळले. त्याच्या गावचे लोक शहरात जायचे तर पहाटेच स्टेशनवर येऊन झोपायचे, गाडी कधीतरी दुपारी यायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी. हे तो रुबाशोवला तोंडावर सांगतो: तुम्ही शिकलेल्या घरातले. आणि रुबाशोव मनात त्याला काय म्हणतो? निअँडरथल. रानटी. कोस्लरचा सुसंस्कृत वाचक इथे मान डोलावतो. आम्ही नाही डोलावत. विद्यापीठांच्या विभागांत, सरकारी कचेऱ्यांत पहिल्या पिढीच्या शिकलेल्या माणसाकडे ज्या नजरेने बघितले जाते, ती हीच नजर. नाव वेगळे असते, 'कोट्यातला'. त्यामुळे ग्लेटकिन बोलू लागला की आमच्यातल्या कोणाचाही जीव आधी त्याच्याकडेच ओढेल, आणि ते स्वाभाविक आहे. एका पिढीत घड्याळ नसलेल्या गावातून कारखान्यात आलेल्या समाजाचा तो माणूस आहे.

पण पुढे तो जे म्हणतो ते नीट ऐका. त्याचे म्हणणे असे: आमच्या लोकांना यंत्र चालवता येत नाही, म्हणून यंत्रे मोडतात. हे त्यांना सांगितले तर ते खचतील. त्याऐवजी तुम्ही वीर आहात, जे बिघडते ते घातपात्यांमुळे बिघडते, असे सांगितले तर ते कामाला लागतील. म्हणून घातपाती हवा. म्हणून रुबाशोव, तू. यालाच तो सत्य म्हणतो, कारण ते उपयोगी आहे.

आमची आणि ग्लेटकिनची फारकत इथे होते. तो आपल्या लोकांची बाजू घेतो असे वाटते, पण आपल्या लोकांना सत्य झेपणार नाही असेच तो धरून चालला आहे. रुबाशोवच्या तुच्छतेपेक्षा ही तुच्छता खोल आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला काय केले? हजारो वर्षे चिरडलेल्या लोकांसमोर उभे राहून मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळे तुकडे मागणे सोडा, असे सांगितले. जातिव्यवस्थेचा गुन्हा सवर्णांच्या पदरात घातलाच. पण आपल्या माणसांना कडू औषध देताना त्यांनी गोड खोटे मिसळले नाही. लोक खचले नाहीत. तळ्यावर गेले.

बुखारिन आणि मंडळींनी कबुली का दिली, याचे कोस्लरने दिलेले उत्तर अर्धेच आहे, हे इथे नोंदवले पाहिजे. त्याचा रुबाशोव तर्काने हरतो: पक्ष चुकू शकत नाही, व्यक्ती शून्य आहे, मग माझी शेवटची सेवा म्हणजे खोटी कबुली. प्रत्यक्षात मारहाण होती, झोपू न देणे होते, बायकामुलांच्या धमक्या होत्या. एप्रिल १९३५च्या हुकुमाने १२ वर्षांच्या मुलांपर्यंत प्रौढांच्या शिक्षा खाली आणल्या होत्या. कैदेतल्या बापाला त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. पण कोस्लर अगदीच चुकला असेही नाही. बुखारिनने डिसेंबर १९३७मध्ये तुरुंगातून स्टालिनला लिहिलेले पत्र सोव्हिएत संघ कोसळल्यावर बाहेर आले. त्यात तो आपण निर्दोष असल्याचे सांगतो आणि त्याच पत्रात शुद्धीकरणाच्या मोहिमेमागे काहीतरी भव्य राजकीय कल्पना असावी असेही म्हणतो. हाच बुखारिन न्यायालयातल्या शेवटच्या भाषणात, सगळे मान्य करत करत, आरोपीची कबुली हे मध्ययुगीन न्यायाचे तत्त्व आहे असे सुनावून गेला. १९८८ साली त्याला अधिकृतपणे निर्दोष ठरवले. तोवर त्याला गोळी घालून ५० वर्षे झाली होती.

आमच्या डाव्या मित्रांना आणखी एक प्रश्न. सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय आणि ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत असलेले अवनी मुखर्जी यांना १९३७ साली सोव्हिएत राजवटीने ठार केले. त्यांच्या वाट्याला उघडा खटलासुद्धा आला नाही. तुमच्या शिबिरांत त्यांच्या नावाने किती वेळा उभे राहता? आंबेडकर वर्गसंघर्ष विसरले, हे आम्हाला शिकवायला तर तुम्हाला वेळ भरपूर मिळतो.

आणि आता ती गोष्ट, जी आपल्या अभ्यासवर्गांत सांगितली जात नाही. १९३७ साली मॉस्कोच्या आरोपांची निःपक्ष तपासणी करायला अमेरिकेत एक आयोग नेमला गेला. त्याने एप्रिलमध्ये मेक्सिकोत, कोयोआकानला ट्रॉट्स्कीच्या घरी बसून साक्ष घेतली, कागद तपासले, हॉटेल ब्रिस्टल आणि ऑस्लोचे विमान यांचा माग काढला, आणि आरोप खोटे असल्याचा निष्कर्ष जाहीर केला. त्याचे अध्यक्ष होते ७७ वर्षांचे जॉन ड्युई. होय, कोलंबियातले आपल्या बाबासाहेबांचे गुरू, ज्यांचे ऋण बाबासाहेबांनी १९३६च्या 'जातिनिर्मूलना'त उघडपणे मान्य केले तेच. ड्युई ट्रॉट्स्कीच्या मताचे नव्हते. ज्याचे राजकारण पटत नाही त्याच्यावरही खोटा आळ टिकू द्यायचा नाही, एवढ्यासाठी हा म्हातारा आगगाडीने मेक्सिकोला गेला आणि जुन्या मित्रांच्या शिव्या खाल्ल्या.

पुढच्या वर्षी ट्रॉट्स्कीने साध्य-साधनाबद्दल लेख लिहिला, ड्युईंनी त्याला उत्तर दिले. त्यांचा मुद्दा सोपा आहे. साधनाला साध्याशिवाय दुसरे समर्थन नाही हे मान्य. पण मग प्रत्येक साधनातून प्रत्यक्षात काय निष्पन्न होते ते तपासा. ते न तपासता इतिहासाच्या नियमातून साधन आधीच ठरवून टाकायचे, हा पोथीनिष्ठपणा झाला. आता बाबासाहेबांचा 'बुद्ध की कार्ल मार्क्स' हा निबंध उघडा. तेही हाच प्रश्न विचारतात: एक साध्य गाठताना तुम्ही दुसरी किती मोलाची साध्ये मोडलीत? माणसाच्या जिवाला किंमत नाही काय? मालकाचा जीव न घेता मालमत्ता घेता आली नसती काय? नोव्हेंबर १९५६मध्ये काठमांडूला, महापरिनिर्वाणाच्या जेमतेम दोन आठवडे आधी, जगभरच्या बौद्धांसमोर ते याच विषयावर बोलले. ज्यांना यात भांडवलशाहीची वकिली दिसते त्यांनी १९४७चे 'राज्ये आणि अल्पसंख्याक' वाचावे. शेतजमीन आणि मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करा, आणि ते संविधानातच लिहा, म्हणजे कोणा हुकूमशहाच्या मर्जीवर राहायला नको, असे त्यात आहे. (५ जून १९५२ रोजी कोलंबियाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. ड्युई १ जूनला गेले. चार दिवसांनी गुरुशिष्यांची भेट हुकली.)

कादंबरीतला पक्ष 'मी' हा शब्द मानत नाही. 'मी' ही त्याच्या लेखी व्याकरणातली कल्पना. तो 'आम्ही' म्हणतो. आम्हीही हा लेख 'आम्ही' म्हणूनच लिहितो आहोत, तेव्हा याचे उत्तर आम्ही दिले पाहिजे. मराठीला दोन शब्द आहेत: आम्ही आणि आपण. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. रुबाशोवचा पक्ष 'आम्ही' असतो आणि 'आपण' असल्याचे सोंग करतो. ज्याला काढायचे त्याच्या तोंडूनच ठराव वदवून घेतो, म्हणजे हकालपट्टीसुद्धा सर्वानुमते.

या सोंगावरचा उतारा विनयपिटकात आहे, आणि तो आपल्या घरातला आहे. भिक्खू उपोसथाला आपले दोष कबूल करतात, हे खरे. पण संघातले वाद मिटवण्याच्या सात रीतींतली पहिली सम्मुखविनय: ज्याच्याबद्दल निर्णय तो समोर हजर पाहिजे. पटिञ्ञातकरणात कबुलीवरून कारवाई करायची, पण कबुली आणि अपराध जुळले पाहिजेत; केला एक आणि कबूल दुसरा, तर कारवाईच अवैध. आणि दब्ब मल्लपुत्ताची गोष्ट. संघाच्या निवासाची आणि जेवणाची वाटणी करणारा हा भिक्खू. वाटणी मनासारखी झाली नाही म्हणून मेत्तिय आणि भुम्मजक यांच्या गटाने त्याच्यावर स्त्रीच्या नावाने आळ आणला. बुद्धांनी काय केले? दब्बालाच विचारले, चौकशी केली, आणि तो निर्दोष ठरल्यावर संघाने त्याला सतिविनय दिला, म्हणजे त्याच्या स्मृतीवर विश्वास ठेवून त्याला रीतसर निष्कलंक जाहीर केले. वाटणी, राग, स्त्रीच्या नावाचा आळ: आपल्या संघटनांच्या फुटीचा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला ही गोष्ट अडीच हजार वर्षे जुनी वाटणार नाही. कार्यकर्ता बैठकीला हजर नसताना त्याला 'दलाल' ठरवायचे, मग व्हॉट्सॲपवर माफीनामा मागायचा आणि माफीनामा आला की 'बघा, कबूल केले', हा प्रकार कोणत्या पिटकात बसतो?

राष्ट्रवादी गृहस्थ एव्हाना खूश झाले असतील. त्यांच्यासाठीही थोडे. १८७२च्या पुरावा कायद्याचे कलम २५ सांगत होते की पोलिसासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पोलीस कबुली कशी मिळवतात हे इंग्रजालाही ठाऊक होते. संविधानाच्या अनुच्छेद २०(३)ने कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. २०२३च्या साक्ष अधिनियमातही पोलिसासमोरच्या कबुलीची बंदी कायम आहे. तिला भोक पाडले ते 'टाडा'ने, 'पोटा'ने आणि आपल्या महाराष्ट्राच्या १९९९च्या मकोकाने, ज्याच्या कलम १८नुसार अधीक्षक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. पहिले दोन कायदे गेले, मकोका आहे. ११ जुलै २००६च्या मुंबई लोकल स्फोटांत १८०हून अधिक माणसे गेली. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले आणि कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तो निकाल पायंडा समजू नये, असे त्या न्यायालयाने सांगितले. बारांतला एक जण निकालाआधीच तुरुंगात वारला. खरे गुन्हेगार कोण, हे मेलेल्यांच्या घरच्यांना अजून कोणी सांगितलेले नाही. खोट्या कबुलीने त्यांचीही फसवणूक होते.

मॉस्कोत खटला हा देखावा होता. आपल्याकडे भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८पासून माणसे आत गेली आणि वर्षानुवर्षे खटलाच उभा राहिला नाही. ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी कोठडीतच वारले. आनंद तेलतुंबडे यांना शरण जावे लागले तो दिवस १४ एप्रिल २०२०. देखावा रोज रात्री नऊ वाजता वाहिन्यांवर होतो, त्यात फिर्यादी, न्यायाधीश, जल्लाद एकाच खुर्चीत असतात, आणि कबुलीचीही गरज लागत नाही. आणि पारधी वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा: चोरी कुठेही होवो, तिथल्या पोरांचे अंगठे कोऱ्या कागदावर आधीच तयार असतात. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, हे ठाण्याच्या भिंतीपर्यंत पोचलेले नाही.

कादंबरीत शेवटाकडे एक छोटे प्रकरण आहे. म्हातारा वासिली, रुबाशोवच्या इमारतीचा रखवालदार, क्रांतियुद्धात त्याच्या हाताखाली लढलेला. रुबाशोवची तसबीर त्याने पलंगावर लावलेली होती; मुलीने ती काढायला लावली. मुलगी त्याला वर्तमानपत्रातून खटल्याची हकिकत वाचून दाखवते. मग कारखान्यातला ठराव पुढे करते: देशद्रोह्यांना निर्दयपणे ठार करा, सही कर. ती वाईट नाही. तिचे लग्न व्हायचे आहे, राहायला जागा नाही, आणि बापाने सही केली नाही तर त्याची खोली जाऊ शकते, किंवा तिला मिळू शकते, हे दोघांनाही कळते. म्हातारा सही करतो. रुबाशोव, ग्लेटकिन, नंबर एक यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले. पुढच्या अभ्यासवर्गात आम्ही सुरुवात या प्रकरणापासून करणार आहोत, आणि सोबत दब्ब मल्लपुत्ताची गोष्ट ठेवणार आहोत. डाव्या मित्रांनीही यावे. पुस्तक वाचून यावे.